लुई आर्मस्ट्राँग यांच्या हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन तबकड्या: जेएसपीचा चार सीडींचा संच

केसरबाई केरकरांच्या भैरवीमुळे मी या संचापर्यंत पोहोचलो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात धाडलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ आहे, ही गोष्ट मराठी रसिक अभिमानाने सांगतात आणि मीही अनेक वर्षे सांगत आलो. त्याच तबकडीवर अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या हॉट सेव्हन या वादकसमूहाची ‘मेलँकली ब्लूज’ ही मे १९२७ मध्ये शिकागोत मुद्रित झालेली रचनाही आहे, हे मात्र मला फार उशिरा कळले. केसरबाईंच्या पंगतीला बसवण्याजोगे त्या तीन मिनिटांत काय असेल, या कुतूहलापोटी मी आधी ती एकच रचना ऐकली, आणि मग जेएसपी या ब्रिटिश कंपनीने १९९९ मध्ये काढलेला चार सीडींचा हा संच मिळवला. आज तो माझ्याकडे असलेल्या पाश्चात्त्य संगीतातला सर्वांत जास्त वाजवला गेलेला संच आहे, आणि जुने जॅझ ऐकू पाहणाऱ्या मराठी श्रोत्याने सुरुवात याच्यापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

संचाचा मुख्य ऐवज नोव्हेंबर १९२५ ते डिसेंबर १९२८ या तीन वर्षांतला आहे. ओके नावाची अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ८००० क्रमांकापासून सुरू होणारी एक वेगळी मालिका काढत असे, आणि दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजणाऱ्या त्या मालिकेच्या तबकड्यांसाठी आर्मस्ट्राँग यांनी शिकागोत पाच जणांना एकत्र आणले. कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर ते स्वतः, ट्रॉम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, बँजोवर जॉनी सेंट सिर आणि पियानोवर आर्मस्ट्राँग यांच्या पत्नी लिल हार्डिन. हॉट फाइव्ह नावाचा हा समूह रोज रात्री कुठे एकत्र वाजवत नव्हता. प्रत्येकाची नोकरी वेगवेगळ्या वाद्यवृंदात होती, आणि मुद्रणाच्या दिवशी सगळे स्टुडिओत जमत असत. १२ नोव्हेंबर १९२५ या पहिल्या दिवशी मुद्रित झालेल्या ‘गटबकेट ब्लूज’मध्ये आर्मस्ट्राँग प्रत्येक वादकाची पाळी आली की त्याचे नाव घेऊन त्याला मोठ्याने दाद देतात, आणि त्यांची स्वतःची पाळी येते तेव्हा हे काम ओरी करतात. बैठकीत साथीदाराला ‘क्या बात है’ म्हणावे तसा हा प्रकार आहे. नवख्या श्रोत्याला पाच जणांची ओळख करून देण्यासाठी याहून चांगली तबकडी नाही.

आता ध्वनीविषयी, कारण या संचाची खरी योग्यता तिथे आहे आणि मी हा संच निवडला तोही त्याच कारणासाठी. याआधी मी याच रचनांची एक स्वस्त सीडी विकत घेतली होती. तिच्या प्रकाशकाने जुन्या तबकडीची खरखर घालवण्याच्या नादात वाद्यांचा वरचा सगळा भाग छाटून टाकला होता. कॉर्नेट गोधडीखालून वाजवल्यासारखे वाटे, बँजोच्या तारेवरचा आघात नाहीसा झाला होता, आणि पियानो आहे की नाही हेच कळत नव्हते. ती सीडी ऐकून माझे असे मत बनले होते की या काळातल्या ध्वनिमुद्रिकांचे महत्त्व फक्त ऐतिहासिक आहे आणि त्या आदराने एकदा ऐकून ठेवून द्याव्यात. जेएसपीच्या संचाने ते मत पहिल्या दहा मिनिटांतच मोडून काढले.

या संचाचे ध्वनिसंस्करण जॉन आर. टी. डेव्हिस यांनी केले आहे. डेव्हिस स्वतः वादक होते. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या टेम्परन्स सेव्हन या समूहात ते वाजवत असत. मात्र अभ्यासकांच्या जगात त्यांचे नाव झाले ते जुन्या तबकड्यांवरचे संगीत उतरवून घेण्याच्या त्यांच्या हातोटीमुळे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच किती रुंद आहे आणि ती कोणत्या खोलीवर जास्त झिजली आहे, हे पाहून त्यानुसार सुई निवडली, तर झिजलेला भाग टाळून खाचेच्या शाबूत भिंतीवरून आवाज उचलता येतो, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. संगणक हाताशी येण्यापूर्वी ते ध्वनिफितीवर एकेका टकटकीची जागा शोधत आणि तेवढ्याच जागेवरचा चुंबकीय लेप पात्याने खरवडून ती टकटक नाहीशी करीत. इतक्या चिकाटीच्या माणसाने सफाई केली म्हणजे ती अतिरेकी असेल, अशी भीती वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटे आहे. या सीडींवर तबकडीची बारीक सरसर सतत ऐकू येते, डेव्हिस यांनी ती राहू दिली आहे, आणि ती राहिल्यामुळेच वाद्यांचा दाणा, श्वास आणि खोलीतली हवा शिल्लक राहिली आहे. दोन-तीन रचनांनंतर कान ती सरसर आपोआप बाजूला सारतो. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत असतानाही समोरच्याचे बोलणे नीट कळते, तसे.

दाणा शिल्लक राहिला याचा फायदा आर्मस्ट्राँग यांच्यापेक्षा त्यांच्या साथीदारांना अधिक झाला आहे. कॉर्नेट हे बलवान वाद्य असल्याने वाईट सीडीवरही ते ऐकू येतेच. डॉड्स यांच्या क्लॅरिनेटचा खालच्या सप्तकातला लाकडी, थरथरता, काहीसा रडवेला स्वर मात्र मला इथे पहिल्यांदा नीट ऐकू आला. ओरी यांचा ट्रॉम्बोन दोन वाक्यांच्या मधली जागा घसरत्या स्वरांनी कशी भरतो, तेही इथेच उमगले. न्यू ऑर्लिन्सच्या या जुन्या पद्धतीत तीन फुंकवाद्ये एकाच वेळी वेगवेगळे बोलतात: कॉर्नेट मुख्य चाल सांभाळते, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलीसारखे चढत जाते, आणि ट्रॉम्बोन खालून आधार देतो. कोणालाही लिहून दिलेले नसताना हे तिघे एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत, ही गोष्ट कळण्यासाठी तिघेही स्वतंत्रपणे ऐकू यावे लागतात.

पहिल्या काळातल्या रचनांमध्ये २६ फेब्रुवारी १९२६ या एका दिवसाचे काम थक्क करणारे आहे. त्याच दिवशी ओरी यांची ‘मस्क्रॅट रॅम्बल’ मुद्रित झाली आणि त्याच दिवशी ‘हीबी जीबीज’. या दुसऱ्या गाण्यात आर्मस्ट्राँग अर्धे गाणे शब्दांत गातात आणि पुढे निरर्थक अक्षरांवर स्वार होऊन कॉर्नेट वाजवावे तसे गळ्याने वाजवू लागतात. हातातला शब्दांचा कागद खाली पडला म्हणून असे झाले, अशी कथा पुढे खूप गाजली. पण ऐकताना कुठेही धांदल जाणवत नाही, आणि शब्द सोडून केवळ अक्षरांवर गाण्याचा प्रकार त्याआधीच्या तबकड्यांवरही आहे. मला त्या कथेपेक्षा त्या गळ्याची निश्चिंती अधिक मोलाची वाटते. त्याच दिवशीच्या ‘कॉर्नेट चॉप सुई’बद्दल तर वेगळेच सांगावे लागते. ही रचना आर्मस्ट्राँग यांनी मुद्रणाच्या दोन वर्षे आधी, जानेवारी १९२४ मध्ये, स्वतःच्या हाताने स्वरलिपीत लिहून हक्कनोंदणीसाठी पाठवली होती. आवेगात सुचल्यासारख्या वाटणाऱ्या त्या झेपा आधी विचार करून, घासूनपुसून ठेवलेल्या होत्या. उपज आणि तालीम यांचे नाते आपल्याकडच्या श्रोत्याला नव्याने सांगण्याची गरज नाही, आणि म्हणूनच ही माहिती कळल्यावर त्या रचनेची माझ्या मनातली किंमत वाढली.

संच क्रमाने ऐकत गेले की मे १९२७ मध्ये आवाज अचानक उजळतो. पहिले मुद्रण झाले तेव्हा वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहून वाजवत, आणि त्यांच्या वाद्यांच्या हवेच्या दाबानेच मेणावर खाच कोरली जाई. जोरकस ढोल वाजला तर कोरणारी सुई उडे, त्यामुळे ढोलवादकाला अशा मुद्रणात हात आखडता घ्यावा लागे, आणि १९२३ मध्ये कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या समूहात बेबी डॉड्स यांना लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले होते. मे १९२७ पर्यंत ओके कंपनी कोलंबियाच्या ताब्यात गेली होती आणि मायक्रोफोनची विद्युत पद्धत आली होती. आता जॉनी डॉड्स यांचे बंधू बेबी डॉड्स ढोलावर आणि पीट ब्रिग्ज ट्यूबा या खर्जाच्या फुंकवाद्यावर येऊन पाचांचे सात झाले. हॉट सेव्हनचे सगळे काम त्या एका महिन्यातल्या थोड्याच दिवसांत उरकले आहे. ट्यूबाचा खर्ज या संचावर गडगडाट न होता स्वर म्हणून ऐकू येतो.

त्यातली १० मे १९२७ ची ‘पोटॅटो हेड ब्लूज’ मी किती वेळा ऐकली असेल याचा हिशेब नाही. जॉनी डॉड्स यांचे क्लॅरिनेट संपते, बँजो काही क्षण दुवा सांधतो, आणि मग सगळा समूह थांबतो. दर दोन मात्रागटांच्या पहिल्या ठोक्यावर तो फक्त एक टोला देतो आणि पुन्हा गप्प राहतो. त्या टोल्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत आर्मस्ट्राँग एकटे वाजवतात. ठेका धरून ठेवणारे कोणी नसताना लय एका माणसाच्या पोटात किती पक्की असू शकते, हे इथे ऐकावे. ते टोल्याच्या किंचित मागे रेंगाळतात, एखादे वाक्य पुढच्या टोल्यावरून ओलांडून नेतात, आणि तरीही पुढचा टोला जिथे पडायला हवा तिथे पडतो तेव्हा आपली मान आपोआप हलते. समेची सवय असलेल्या कानाला या रचनेचा आनंद समजावून द्यावा लागत नाही. त्याच आठवड्यातली ‘वाइल्ड मॅन ब्लूज’ मला तितकीच प्रिय आहे, कारण तिथे डॉड्स यांना आर्मस्ट्राँग यांच्याइतकीच मोठी जागा मिळाली आहे आणि ते ती व्यापून टाकतात.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा पाच जणांचा समूह भेटतो, आणि इथे लिल हार्डिन यांच्याविषयी सविस्तर बोलले पाहिजे, कारण आर्मस्ट्राँग यांच्यावर लिहिताना त्यांना ‘पत्नी’ एवढ्यावर मिटवण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते. मेम्फिसमध्ये जन्मलेल्या आणि फिस्क विद्यापीठात काही काळ शिकलेल्या लिल या समूहातल्या पद्धतशीर संगीतशिक्षण घेतलेल्या कलावंत होत्या. ऑलिव्हर यांच्या समूहात दुय्यम कॉर्नेट वाजवणाऱ्या लुई यांना बाहेर पडून स्वतःच्या नावावर उभे राहायला त्यांनीच भरीस घातले. ९ डिसेंबरची ‘स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू’ आणि १३ डिसेंबरची ‘हॉटर दॅन दॅट’ या दोन्ही रचना त्यांच्या नावावर आहेत, आणि या काळातले हे सर्वांत बांधीव काम आहे. पियानोवर त्या फारशी करामत दाखवत नाहीत. ढोल नसलेल्या समूहात पायाचे काम करावे लागते, आणि ते त्या अढळपणे करतात. या सीडींवर त्यांचा डावा हात ऐकू येतो ही मला या संस्करणाची मोठी मिळकत वाटते. १९७१ च्या जुलैमध्ये आर्मस्ट्राँग गेले, आणि पुढच्याच महिन्यात शिकागोत त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात पियानो वाजवत असतानाच लिल हार्डिन कोसळल्या आणि निवर्तल्या.

‘हॉटर दॅन दॅट’मध्ये लॉनी जॉन्सन यांची गिटार पाहुणी म्हणून येते. आर्मस्ट्राँग यांचा अक्षरांवर धावणारा गळा आणि ती गिटार यांची सवाल-जवाबाची जी जागा आहे, तिच्या आधी आर्मस्ट्राँग चार मात्रांच्या चालीवर तिनाचे वजन टाकून इतका वेळ आडवे चालतात की पहिल्यांदा ऐकताना मी चुकलोच, आणि ते मात्र सहज ठिकाणावर आले.

१९२८ मधला समूह नावाने हॉट फाइव्हच असला तरी माणसे सगळी बदललेली आहेत. पियानोवर अर्ल हाइन्स आले, ढोलावर झुटी सिंगलटन, क्लॅरिनेटवर जिमी स्ट्राँग आणि ट्रॉम्बोनवर फ्रेड रॉबिन्सन. आर्मस्ट्राँग यांनी कॉर्नेट सोडून ट्रम्पेट घेतले होते. डॉड्स आणि ओरी गेल्याने फुंकवाद्यांची ती जुनी तिहेरी वीण सैल झाली हे खरे, आणि मला तिची उणीव भासते. पण हाइन्स यांच्या रूपाने आर्मस्ट्राँग यांना पहिल्यांदा तोडीस तोड माणूस मिळाला. ५ डिसेंबर १९२८ च्या ‘वेदर बर्ड’मध्ये फक्त हे दोघे आहेत, आणि ती जुगलबंदी म्हणजे दोन मित्रांनी एकमेकांच्या पायाखालची चटई ओढत गप्पा माराव्यात तशी आहे. ‘मगल्स’मध्ये संथ चाललेल्या रचनेत आर्मस्ट्राँग येतात, लय दुप्पट करतात आणि जवळजवळ एकाच स्वरावर हातोडा मारत राहतात. ती जागा मी पाहुण्यांना नेहमी ऐकवतो.

आणि मग ‘वेस्ट एंड ब्लूज’. २८ जून १९२८ ची ही सव्वातीन मिनिटे आहेत. सुरुवातीला साथीशिवाय एकटे ट्रम्पेट येते, चार स्वर ठामपणे मांडते आणि बारा-तेरा सेकंदांत वर चढून, वळून, खाली उतरून समूहाच्या हाती चाल सोपवते. पुढे बारा मात्रागटांच्या ब्लूजची आवर्तने होतात: रॉबिन्सन यांच्या ट्रॉम्बोनमागे सिंगलटन घोड्याच्या टापांसारखा आवाज करतात, क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँग शब्दांवाचून हळुवार आवाजात उत्तर देतात, हाइन्स एकटे वाजवतात, आणि शेवटच्या आवर्तनात ट्रम्पेट एकच उंच स्वर जवळजवळ चार मात्रागट धरून ठेवते. स्वस्त सीडीवर हा स्वर सपाट रेघेसारखा ऐकू येत होता. इथे तो आतून हलताना, दाबाखाली किंचित दाट होताना ऐकू येतो, आणि तो फुटून खाली कोसळतो तेव्हा आपणही आपला श्वास धरून ठेवला होता हे ध्यानात येते. ही चाल किंग ऑलिव्हर यांची. न्यू ऑर्लिन्सच्या पाँचरट्रेन सरोवराकाठी वेस्ट एंड नावाची सहलीची जागा होती, तिच्यावरून हे नाव आले. ज्यांनी १९२२ मध्ये तरुण आर्मस्ट्राँग यांना शिकागोला बोलावून घेतले, त्या ऑलिव्हर यांचे दात हिरड्यांच्या आजाराने गेले, वादन थांबले, आणि १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना शहरात ते दारिद्र्यात वारले. हे माहीत असलेल्या श्रोत्याला शिष्याचा तो लांबवलेला स्वर निराळा ऐकू येतो.

या संगीताचे मुंबईशी नाते आहे, आणि ते नुसते व्हॉयेजरपुरते नाही. मे १९२६ मध्ये शिकागोतल्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाची जी तबकडी मुद्रित झाली, तिच्यावर आर्मस्ट्राँग यांच्यासोबत पियानोवर टेडी वेदरफर्ड होते. तेच वेदरफर्ड पुढे आशियात आले, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांनी वाजवले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात त्यांचा मृत्यू झाला. अशा मंडळींच्या काळात मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हटले जाई, आणि तेच सी. रामचंद्र यांच्याकडे वाद्यवृंदरचनेत साहाय्य करीत. ‘अलबेला’ची गाणी ज्यांना पाठ आहेत त्यांच्या कानावर या परंपरेचे शिंतोडे आधीच उडालेले आहेत.

संचात उणे काय आहे तेही सांगतो. सोबतची लिखित माहिती माझ्या भुकेला पुरली नाही. वादकांची आणि तारखांची नोंद कामापुरती आहे, पण या माणसांची आयुष्ये जाणून घ्यायची तर अन्यत्र वाचावे लागते. कोलंबियाने २००० मध्ये याच रचनांचा चार सीडींचा संच काढला, त्याची पुस्तिका कितीतरी भरगच्च आहे, आणि केवळ वाचनासाठी तो घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. आवाजाबाबत माझा कौल डेव्हिस यांच्या बाजूने आहे. शिवाय सगळ्याच रचना एका तोलाच्या नाहीत. काही गाण्यांत पाहुणे गायक-गायिका बेताचे आहेत आणि विनोदी संवादांचे तुकडे आज पुन्हा ऐकावेसे वाटत नाहीत. मी ते गाळत नाही, कारण अशाच एखाद्या सुमार गाण्याच्या मध्यावर अचानक कॉर्नेट उठते आणि वीस सेकंदांत गाण्याचा दर्जा बदलून जाते. १६ नोव्हेंबर १९२६ ची ‘बिग बटर अँड एग मॅन’ ऐकल्यास माझे म्हणणे पटेल.

ऐकण्याबाबत एक सूचना करतो. चारही सीडी एका बैठकीत लावू नयेत. या रचना तीन-तीन मिनिटांनी पालटायच्या तबकड्यांसाठी घडवलेल्या आहेत, सलग पंचवीस ऐकल्या की कान बधिर होतो आणि डॉड्स काय करत आहेत इकडे लक्ष राहत नाही. मी रात्री चार रचना ऐकतो, त्यातली एक दोनदा, आणि दुसऱ्या वेळी कॉर्नेट सोडून दुसऱ्या एखाद्या वाद्याच्या मागे जातो. हेडफोनपेक्षा साधा, मध्यम आकाराचा स्पीकर या ध्वनीला अधिक मानवतो, कारण मूळ मुद्रण एकाच वाहिनीचे आहे आणि ते समोरून यायला हवे. विकत घेताना मात्र वेष्टनावर डेव्हिस यांचे नाव आहे ना, हे पाहूनच पैसे मोजावेत. हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हन या शीर्षकांखाली कितीतरी संच बाजारात आहेत, आणि बाहेरून ते सगळे सारखेच दिसतात.